मोफत फोटोतला माणूस

“फोटो ना? फुकट मिळतात हो, ढिगाने!” असं मास्तर सोमवारच्या बैठकीत बोलून गेले आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. ते एका विमा कंपनीच्या प्रशिक्षण विभागात होते. नव्या लोकांना फॉर्म कसा भरायचा, शिक्का कुठे मारायचा आणि शिक्का चुकला तर कोणाकडे बोट दाखवायचं, हे शिकवता शिकवता सगळे त्यांना मास्तर म्हणू लागले होते. त्या सोमवारी साहेबांनी नवंच काढलं. कंपनीच्या ग्राहकांसाठी एक ऑनलाइन कोर्स करायचा, नाव ‘घरातले अपघात आणि ते कसे टाळावेत’. धडे बारा, प्रत्येक धड्यात चार फोटो आणि एक छोटा व्हिडिओ.

“बाहेरून फोटोग्राफर बोलवायचा का?” साहेबांनी विचारलं.

तेव्हा मास्तरांनी गप्प बसायचं होतं. पण गप्प बसणं हा त्यांचा विषय नव्हता.

“फुकट मिळतात ढिगाने” म्हटल्यावर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. कंपनीचं कायद्याचं सगळं काम त्या बघत. मागच्या वर्षी मास्तरांनी एका कोर्ससाठी इंटरनेटवरून सूर्योदयाचा एक झकास फोटो उचलला होता. (त्यावर कोपऱ्यात कोणाचं तरी नाव आडवं छापलेलं होतं. मास्तरांना वाटलं, ते त्या डोंगराचं नाव असेल.) पंधरा दिवसांनी त्या डोंगराची वकिलामार्फत नोटीस आली होती.

“मास्तर,” वकीलबाई म्हणाल्या, “इंटरनेटवर दिसतं म्हणून ते आपलं नसतं. ज्या साइटवर लोक आपणहून फोटो वापरायला देतात, तिथलेच घ्यायचे. त्यातही कुठे नाव द्यावं लागतं, कुठे नाही, ते वाचायचं. आणि फोटोत माणसाचा चेहरा ओळखू येत असेल, तर त्या माणसाची लेखी संमती हवी. फोटो देणारा वेगळा आणि फोटोत असलेला वेगळा. कळलं?”

“कळलं.”

“या वेळी घोळ झाला, तर तळघरातल्या जुन्या फायलींना एक माणूस हवाच आहे,” साहेब प्रेमाने म्हणाले.

मास्तरांनी लगोलग शोध सुरू केला. मोफत फोटोंची साइट उघडली आणि ‘घर’ असा शब्द टाकला. बावन्न हजार घरं आली. एकाही घरात कोणी राहत असेल असं वाटत नव्हतं. स्वयंपाकघरं अशी की त्यात लग्न लागावं. ‘कुटुंब’ टाकलं, तर प्रत्येक कुटुंब हिरव्या पाल्याचं भांडं पुढ्यात घेऊन खदाखदा हसत होतं. ‘आग’ टाकलं, तर शेकोटीशेजारी मिठीत बसलेली जोडपी आली. ‘गळती’ म्हटल्यावर एक धबधबा आला. ‘विजेचा धक्का’ टाकल्यावर तोंडाचा आ करून दोन्ही गालांवर हात ठेवलेल्या तीनशे बायका आल्या. त्यांना विजेचा धक्का बसला होता की कोणी लग्नाची बातमी सांगितली होती, हे कळायला मार्ग नव्हता.

दोन दिवस हेच. मास्तरांचे डोळे लाल झाले आणि मान आखडली. बुधवारी जेवणाच्या सुट्टीआधी त्यांनी वैतागून तीन शब्द एकत्र टाकले, ‘घर धोका माणूस’.

आणि पहिलाच फोटो बघून ते खुर्चीत उडाले.

फोटो एका स्वयंपाकघराचा होता. खरंखुरं, तेलकट डागांचं, माणसांचं स्वयंपाकघर. मध्ये टेबल. टेबलावर स्टूल. स्टुलावर, पाठमोरा, पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट घातलेला, अनवाणी आणि ओलाचिंब माणूस. दिवा चालू होता आणि हा त्याच दिव्याचा होल्डर पिळत होता. दुसऱ्या हातात सुरी. तोल सांभाळायला एक पाय फ्रिजवर टेकवलेला.

“अरे देवा!” मास्तर पोट धरून हसले. “काय पण येडपट माणूस आहे! याला घरचे काही बोलत नाहीत की काय?”

शेजारच्या टेबलावरचे आले, त्यांच्या मागून आणखी चौघे आले. सगळ्या विभागाची मुरकुंडी वळली. मास्तर प्रत्येकाला बोट लावून समजावून सांगत होते. “पाय बघा, पाय! आणि ही सुरी! अहो, अशा माणसांमुळेच तर आपला धंदा चालतो!” शेवटी गलका ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी चष्मा लावला, फोटो पाहिला आणि भिंतीला टेकून हसले. साहेबांना हसताना विभागाने चार वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

“मास्तर, हा हिरा कुठून शोधलात? हाच मुखपृष्ठावर टाका. एवढा मोठा करा की भिंतभर दिसला पाहिजे.”

मास्तरांची छाती फुगली. त्यांनी फोटो उतरवून घेतला आणि स्पष्ट दिसतो का ते तपासायला मोठा करू लागले. टेबलाचा पाय. स्टूल. मागचं भांड्यांचं कपाट. कपाटाच्या दाराची मूठ पडलेली होती आणि तिच्या जागी कोणीतरी वाकवलेला स्टीलचा चमचा सुतळीने बांधला होता.

‘वा!’ मास्तरांना कौतुक वाटलं. ‘म्हणजे आपल्यासारखंच डोकं चालवणारा आणखी एक माणूस आहे तर जगात. आपणही अगदी असाच चमचा, अशीच सुतळी...’

मास्तरांचा हात माऊसवर थांबला.

त्यांनी सुतळी आणखी मोठी केली. गाठीच्या शेजारी निळ्या चिकटपट्टीचा तुकडा होता. तो तुकडा त्यांनी स्वतः लावला होता, संपत आलेल्या चिकटपट्टीचा शेवटचा. मग त्यांनी फ्रिज पाहिला. टेबल पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांची हाफ पँट पाहिली, आणि खिशाखालचं ते रफू पाहिलं.

माणसाला आयुष्यात आपली पाठ कधी दिसत नाही. ती अशी, बुधवारी, भर कचेरीत, सव्वाशे टक्के मोठी होऊन समोर आली की काय होतं, ते मास्तरांना त्या दिवशी कळलं. कानांतून गरम वाफा निघताहेत असं वाटलं. शेजारच्या टेबलावरून अजून कोणीतरी खुसखुसत होतं, “येडपट आहे हो खरंच!” आणि मास्तर क्षीण आवाजात म्हणाले, “हो ना.”

फोटोखाली देणाऱ्याचं टोपणनाव होतं, ‘खुर्चीवरून’. मास्तरांनी त्यावर टिचकी मारली आणि समोर जे उघडलं ते पाहून त्यांची दातखीळच बसली.

तीनशे बारा फोटो. एकेचाळीस व्हिडिओ. सगळ्यांत तेच.

‘माणूस इस्त्री तापली का ते बोटाने बघतो.’ ‘माणूस इस्त्री तापली का ते दुसऱ्या बोटाने बघतो.’ ‘माणूस नळ दुरुस्त करतो – पाणी, घबराट, अडतीस सेकंद.’ ‘माणूस शिडीला रागावतो.’ ‘माणूस सोफ्यावर झोपलेला, तोंड उघडं, हातात गरम चहा.’ या शेवटच्यात चेहरा इतका स्वच्छ आला होता की वरच्या दाढेत भरलेलं सिमेंट मोजता आलं असतं. प्रत्येक फोटोखाली किती लोकांनी तो नेला त्याचा आकडा होता. चहावाला फोटो चार लाख लोकांनी नेला होता.

चार लाख! मास्तरांना त्यांच्या लग्नात दोनशे माणसांनीही नीट पाहिलं नव्हतं.

ते साहेबांच्या खोलीत गेले. “साहेब, तो फोटो जरा... सवंग वाटतो. दुसरा बघू या का?”

“छे!” साहेब म्हणाले. “मी आत्ता त्याचे बाकीचे पाहिले. मास्तर, हा माणूस म्हणजे खाण आहे, खाण! बाराच्या बारा धड्यांत हाच पाहिजे मला. त्या पाठीत काय आत्मविश्वास आहे! असा आत्मविश्वास नटांना नाही हो जमत.”

“पण चेहरा दिसतो...” मास्तरांना बुडताना काडी सापडली. “संमती लागेल. कुठून आणायचा तो माणूस?”

“कुठला असेल हो?”

“कुठलाही असू शकेल.”

“शोधा. वकीलबाईंकडून संमतीपत्र घेऊन जा. शुक्रवारपर्यंत त्याची सही माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर तळघर आहेच.”

मास्तर घरी निघाले तेव्हा पिशवीत एक कोरं संमतीपत्र होतं. ‘मी, वरील छायाचित्रांत दिसणारी व्यक्ती, राजीखुशीने कळवतो की...’ वाटेत एका पोराने त्यांच्याकडे पाहून नुसतं नाक खाजवलं, तरी त्यांना वाटलं, यानेही पाहिलंय.

घरात तीनच माणसं होती. मास्तर स्वतः, त्यांची बायको आणि सासूबाई. सासूबाई आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे आल्या आणि इथेच राहिल्या. दिवसभर दिवाणखान्यातल्या खुर्चीत बसून फोनवर रंगीत चौकोन जुळवायचा खेळ खेळत, निदान मास्तरांचा तसा समज होता. त्यामुळे संशय सरळ बायकोवर गेला. बायको औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती, सहाला घरी येई. आज ती चहा गाळत असतानाच मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

“मला सगळं कळलंय,” ते म्हणाले.

गाळणं हवेतच थांबलं. “काय कळलंय?”

“इतके दिवस माझ्या पाठीमागे जे चाललंय ते.”

बायकोने भांडं खाली ठेवलं. तिचा चेहरा उतरला होता. “कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगायला कशाला हवं? स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मोठं करून पाहिलं!”

“अहो, मी सांगणारच होते. पण तुम्हाला किती लागेल, या विचाराने धीर होईना.”

“कधीपासून?”

“अकरा वर्षं झाली असतील.”

“अकरा वर्षं!” मास्तरांनी दाराची चौकट धरली.

“पण तो फक्त तुम्ही ऑफिसला गेल्यावर यायचा हो. आणि काम झालं की लगेच जायचा. चहासुद्धा घेत नाही कधी.”

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. फोटो, व्हिडिओ, तळघर, सगळं एका झटक्यात मागे पडलं.

“तो? कोण तो?” त्यांचा आवाज फाटला.

“कोण म्हणजे? वायरमन!”

“वायरमन?”

“मग तुम्ही कोणाबद्दल बोलताय?” बायकोला काही उमगेना. “अहो, सुट्टीच्या दिवशी तुम्ही काहीतरी दुरुस्त करता. दुसऱ्या दिवशी तो येऊन ते खरंच दुरुस्त करतो. अकरा वर्षं चाललंय. गेली दोन वर्षं आईच दार उघडते त्याला.”

मास्तर स्टुलावर बसले. (तेच स्टूल.) हा दुसरा धक्का पहिल्याहून खोल होता. फोटोत दिसला तो निदान काहीतरी करून दाखवणारा माणूस होता. आता तर तोही उरला नाही.

“म्हणजे मोरीतला नळ...”

“त्याने केला.”

“दिवाणखान्यातला पंखा?”

“त्याने. तुमचा स्क्रू एक उरला होता ना, तो मोटारीतला होता.”

“या दिव्याचा होल्डर?”

“त्यानेच.”

“आणि दारावरची बेल?” मास्तरांनी अगदी काकुळतीला येऊन विचारलं.

“बेल तुम्हीच केलीत. तिला त्याने हात लावला नाही.”

मास्तरांच्या जिवात जीव आला.

“म्हणून तर ती वाजत नाही,” बायको म्हणाली.

मास्तरांनी खिशातून फोन काढला आणि तो टेबलावरच्या माणसाचा फोटो बायकोपुढे धरला. “मी याबद्दल विचारत होतो. हे तू केलंस?”

बायकोने पाहिलं. तिचे डोळे विस्फारले. तिने पुढचा पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला आणि अडतीस सेकंदांच्या घबराटीला तिने पदराने तोंड दाबून धरलं. पण ती खरोखर हबकली होती. “अगबाई! हे कोणी... शप्पथ, मला काही माहीत नाही हो!”

“माझं आहे ते,” दिवाणखान्यातून आवाज आला.

दोघं बाहेर आले. सासूबाई खुर्चीत शांतपणे बसल्या होत्या. त्या खुर्चीतून, मास्तरांच्या आता पहिल्यांदाच लक्षात आलं, दिवाणखाना दिसत होता, स्वयंपाकघर दिसत होतं, आणि मोरीचं दार उघडं असलं तर मोरीही दिसत होती.

“आई, तुम्ही?”

“बसा जावईबापू. घाम पुसा आधी.” सासूबाईंनी चष्मा काढला. “मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. ‘विद्युत सुरक्षा’ हा धडा आला की फळ्यावर माणूस काढायचा, त्याच्या हातात वायर काढायची. माझं चित्र असं यायचं की पोरं म्हणायची, बाई, हा बागेला पाणी घालतोय. तेव्हा वाटायचं, एक खरा फोटो असता तर! आता ज्येष्ठांच्या फोनच्या वर्गात शिकवलं की आपले फोटो जगातल्या शिक्षकांना मोफत वापरायला देता येतात. गुडघा असा, फार हिंडता-फिरता येत नाही. बसल्या जागी काय मिळेल ते टिपायचं ठरवलं. आणि बसल्या जागी,” त्यांनी जरा थांबून योग्य शब्द शोधला, “तुम्ही मिळालात.”

“पण मला विचारायचं तरी!”

“विचारलं होतं की. त्या दिवशी तुम्ही ओट्याखाली डोकं घालून नळ पिळत होतात. मी म्हटलं, जावईबापू, फोटो काढू का, लोकांच्या उपयोगी पडेल. तुम्ही म्हणालात, काढा, काढा! शिकतील लोक!”

मास्तरांना आठवलं. म्हणाले होते खरे. अगदी अभिमानाने म्हणाले होते.

“आई, चार लाख लोकांनी मला तोंड उघडं टाकून झोपलेलं पाहिलंय. आमच्या ऑफिसात आज सगळे हसले. मी स्वतः हसलो! मी म्हणालो, याला घरचे काही बोलत नाहीत का?” मास्तर धपकन खाली बसले. पन्नाशीच्या उंबरठ्यावर आपण कोण आहोत हे माणसाला असं एका दिवसात दोनदा कळू नये.

सासूबाईंनी फोनवर काहीतरी उघडून मास्तरांपुढे धरलं. फोटो वापरणाऱ्यांची पत्रं होती ती. कुठल्या कुठल्या भाषांतली, खाली यंत्राने केलेलं ओबडधोबड भाषांतर. एका अग्निशमन केंद्राने लिहिलं होतं की नव्या जवानांना हा फोटो पहिल्या दिवशी दाखवतो. एका शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं, मुलं या काकांवर फार प्रेम करतात आणि ते अजून जिवंत आहेत ना, असं विचारतात. आणि एक पत्र एका बाईचं होतं. ‘माझे यजमान दिवा बदलायला टेबलावर स्टूल ठेवून चढले होते. मी ओरडले, ऐकेनात. मग तुमचा फोटो दाखवला. त्यांनी खूप वेळ पाहिला. मग काही न बोलता खाली उतरले. आम्ही दोघंच असतो. तुमच्या त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.’

मास्तरांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचताना चष्मा धूसर झाला, तेव्हा फोन बायकोकडे दिला.

“सांगायचा राहिला होता नमस्कार,” सासूबाई म्हणाल्या. “सांगितला आता. नको असेल तर मी सगळे फोटो आत्ता काढून टाकते. तुमच्या शब्दाबाहेर नाही मी.”

मास्तर उठले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खिडकी उघडली, मग लावली. कोणीतरी दूर कुठेतरी टेबलावरून निमूटपणे खाली उतरतंय, हे चित्र डोळ्यांपुढून जाईना.

“राहू द्या,” ते म्हणाले. आणि पिशवीतून संमतीपत्र काढून त्यांनी सही केली. पेन दोनदा अडकलं. ते दुरुस्त करायला त्यांनी टोपण दातात धरलं, तर बायकोने मुकाट्याने दुसरं पेन पुढे केलं.

शुक्रवारी सकाळी वकीलबाई साहेबांच्या खोलीतच होत्या. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला.

“सापडला? शाब्बास!” साहेबांनी कागद उचलला. “पण मास्तर, तुम्ही चुकीच्या जागी सही केलीय. ही त्या माणसाची जागा आहे.”

“चुकीच्या नाही साहेब.”

वकीलबाईंनी कागद घेतला, सही पाहिली, मास्तरांकडे पाहिलं. साहेबांनी कॉम्प्युटरवरचा फोटो पाहिला, मास्तरांकडे पाहिलं.

“मास्तर,” साहेब हळूच म्हणाले, “जरा पाठ करून उभे राहता?”

मास्तर वळले.

“हात वर करा. दिवा पिळल्यासारखे. आणि एक पाय जरा त्या कपाटावर...”

मास्तरांनी पाय कपाटावर ठेवला.

“बापरे!” वकीलबाईंच्या तोंडून निघालं. आजवर त्यांच्या तोंडून कायद्याबाहेरचा शब्द कोणी ऐकला नव्हता.

साहेबांना हसू येईल, असं मास्तर धरून चालले होते. भिंतीकडे तोंड करून, एक पाय वर घेऊन ते त्या हसण्याची वाट पाहत होते. पण हसू आलं नाही. साहेब उठले, त्यांनी मास्तरांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, स्वतः पाण्याचा ग्लास दिला.

“लागलं तर नाही ना तुम्हाला कधी?” त्यांनी विचारलं. “आणि तुम्ही हे स्वतःहून सांगितलंत? मी नसतं सांगितलं हो. जन्मात नसतं सांगितलं.”

मास्तरांनी पाणी एका दमात संपवलं.

“तुमच्या घराचा विमा आपल्याच कंपनीत आहे ना?” साहेबांनी विचारलं.

“हो, साहेब.”

साहेब वकीलबाईंकडे वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “ती फाइल एकदा बघून घ्या.”

कोर्स महिन्याभरात निघाला. मुखपृष्ठावर टेबलावरचा माणूस भिंतभर झाला, धड्याधड्यात नळ, इस्त्री, शिडी. लोक ऑफिसात येऊन मास्तरांशी हात मिळवू लागले. (हात मिळवण्याआधी तो कोरडा आहे का, ते पाहून घेत.) मास्तरही आता ताठ मानेने चालत होते. लाज एकदा चार लाखांत वाटली गेली की आपल्या वाट्याला फारशी उरत नाही, असं त्यांना वाटू लागलं होतं.

मग कंपनीने फर्मान काढलं की प्रत्येक कर्मचाऱ्याने हा कोर्स करून शेवटची परीक्षा पास झालंच पाहिजे. परीक्षेचे प्रश्न अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या एका अधिकाऱ्यांनी काढले होते. त्यामुळे ते मास्तरांनीही पाहिले नव्हते. पण त्यांना कसली काळजी? त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे ओढली आणि हसत हसत परीक्षा सुरू केली. पहिलाच प्रश्न, सर्वांत जास्त गुणांचा, त्यांच्याच फोटोवर होता. ‘चित्रातील व्यक्ती एकूण किती चुका करत आहे?’

मास्तरांनी नीट विचार केला. स्टूल एक. सुरी दोन. ओले पाय तीन. चालू दिवा चार. फ्रिजवरच्या पायाबद्दल ते जरा अडले, पण त्याने तोल चांगला सांभाळला गेला होता, म्हणून तो धरला नाही. त्यांनी ‘चार’ लिहिलं.

कॉम्प्युटरने लाल फुली मारली. बरोबर उत्तर अकरा होतं.

सगळ्या कचेरीत नापास झालेले ते एकटेच. साहेब पास झाले, वकीलबाई पास झाल्या. घरी बायकोने गंमत म्हणून परीक्षा दिली, तीही पास. कंपनीचा ग्राहक म्हणून वायरमनने दिली, तो तर पहिला आला. सासूबाईंनी परीक्षा द्यायचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी मास्तर त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसले.

“आई,” त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं, “पुढच्या आठवड्यात मला पुन्हा परीक्षेला बसायचंय. त्या उरलेल्या सात चुका कोणत्या, तेवढं सांगता का?”

सासूबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बराच वेळ मायेने पाहिलं.

“सांगते की,” त्या म्हणाल्या. “पण आत्ताच नको. कोर्सचा दुसरा भाग निघणार आहे, त्यासाठी आणखी तेहतीस फोटो हवेत आणि तोवर तुम्हाला काही शिकवू नये, असं तुमच्या साहेबांचं मला पत्र आलंय.”